वारा वाढला की शिडाचे दोर ढिले सोडा? अजिबात नको

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, एकट्याने चालवायच्या शिडाच्या छोट्या होडीबद्दल, म्हणजे डिंगीबद्दल. त्यात म्हटलंय की वारा वाढला की शिडाचे सगळे दोर ढिले करा म्हणजे शिडात जोर राहत नाही, मेनशीट (शीड आत-बाहेर करायचा मुख्य दोर) क्लीटमध्ये (दोर पकडून ठेवणाऱ्या खाचेत) अडकवून दोन्ही हातांनी टिलर (सुकाणूचा दांडा) धरा, डॅगरबोर्ड (होडीच्या मधून पाण्यात खाली सोडलेली फळी) पूर्ण वर ओढा, 80 किलोच्या आतल्याने उतरूच नये, आणि होडी उलटलीच तर पोहत काठ गाठा. हे वाचून हतनूर नाहीतर गिरणा धरणाच्या पाण्यात कुणी पोरगं उतरलं तर काय होईल याची मला खरंच काळजी वाटते, म्हणून एकेक मुद्दा घेतो. उदाहरण लेझरचं देतोय, जिला आता इल्का म्हणतात, कारण जगभर खूप जण तिच्यावरच शिकतात. एकच शीड, मास्टला, म्हणजे शिडाच्या उभ्या खांबाला, आधाराच्या तारा नाहीत, आणि शिडाचा आकार बदलायला मुख्य तीन दोर, वँग, कनिंगहॅम आणि आऊटहॉल. मेनशीट वेगळी, ती कायम हातात.

सगळ्यात आधी ते "ढिलं म्हणजे कमी जोर". उलटं आहे भाऊ. गच्चीवर चादर वाळत घाला आणि खालची टोकं सैल बांधा, वारा आला की ती पोट काढते आणि दोरीच ओढायला लागते, तीच चादर चारी बाजूंनी ताणून बांधली तर वारा तिच्यावरून सरकून जातो. शिडाचं तेच आहे. पोट जितकं खोल तितकी ताकद जास्त, आणि जोराच्या वाऱ्यात आपल्याला ताकद कमी करायची असते. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे 10 नॉटचा (1 नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर) वारा 20 नॉटवर गेला की त्याच शिडावर चौपट जोर. तेवढा जोर नुसतं अंग बाहेर टाकून कुणालाच पेलत नाही, शीड सपाट करावंच लागतं.

आता कुठला दोर काय करतो ते बघा. आऊटहॉल शिडाचं खालचं मागचं टोक बूमच्या, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांडीच्या, शेवटाकडे ओढतो. मध्यम वाऱ्यात बूमच्या मध्यावर शीड आणि बूम यांच्यात चार-सहा बोटांची फट ठेवतात, जोराच्या वाऱ्यात ती जवळपास मिटवायची. कनिंगहॅम शिडाची पुढची कड मास्टलगत खाली ओढतो, त्याने शिडाचं पोट पुढे सरकतं आणि वरची मागची कड मोकळी होते, झोत आला की वरच्या वर निघून जातो. वजनाने हलक्या माणसासाठी जोराच्या वाऱ्यात हा दोर म्हणजे जीव की प्राण, शिडावरची ज्या कडीतून हा दोर जातो ती पार बूमपर्यंत खाली आली तरी चालतं. शिडावर आडव्या सुरकुत्या दिसायला लागल्या तर समजा अजून ओढायचा बाकी आहे.

आणि वँग. मेसेजवाल्याने सगळ्यात जास्त घोळ इथेच घातलाय. वँग म्हणजे मास्टच्या बुडाकडून तिरका येऊन बूमला खाली धरून ठेवणारा दोर. तो ढिला असेल आणि झोत आल्यावर तुम्ही मेनशीट सोडली, तर बूम बाजूला जायच्या आधी वर उचलला जातो, मास्ट सरळ होतो, आणि शीड नेमकं नको त्या वेळी जास्त फुगतं. वँग घट्ट असेल तर मेनशीट सोडल्यावर बूम सरळ बाजूला जातो, मास्ट वाकलेलाच राहतो आणि शीड सपाटच राहतं. नुसता हाताने ओढायला गेलात तर वँग पुरेसा येत नाही. होडीचं तोंड वारा येतो त्या दिशेच्या जवळ धरा, मेनशीट इतकी ओढा की बूमच्या टोकाची पुली आणि मागच्या ट्रॅव्हलरची, म्हणजे होडीच्या मागच्या भागावर आडव्या बांधलेल्या दोराची, पुली एकमेकींना टेकतील, त्यावेळी मास्ट वाकतो आणि वँगचा दोर आपोआप सैल पडतो. मेनशीट क्षणभर टिलर धरलेल्या हातात घ्या, मोकळ्या हाताने वँगची ती सगळी सैल ओढून घ्या, क्लीटमध्ये बसवा. झालं. ट्रॅव्हलरचा दोर तर पाण्यात उतरायच्या आधीच काठावर कचकून ताणायचा.

एक गोष्ट मेसेजमध्ये चुकून अर्धी बरोबर आहे. वाऱ्याकडे चढत जाताना घट्ट केलेला वँग तसाच ठेवून वारा पाठीमागून घ्यायला होडी वळवली तर बूमचं टोक पाण्याला लागतं आणि होडी तिथल्या तिथे आडवी होते, म्हणून वळायच्या आधी वँग थोडा सोडायचा. थोडा! पूर्ण सोडला तर पाठीमागून वारा घेताना शिडाचा वरचा भाग मास्टच्याही पुढे जातो, होडी डावी-उजवी डुलायला लागते आणि शेवटी आपल्याच अंगावर येते.

मेनशीट अडकवायचा सल्ला तर वाचवत नाही. झोत आला की पहिलं काम मेनशीट सोडणं, मग अंग बाहेर टाकणं, होडी सपाट झाली की परत ओढणं. हे सगळं सेकंदांत होतं, त्यात क्लीट उघडत बसायला वेळ कुठे असतो, आणि दोन हातांनी टिलर धरून काहीच साधत नाही, कारण जोर शिडात आहे, टिलरमध्ये नाही.

डॅगरबोर्ड फार जोर असेल तर थोडा वर घेतात, चार-सहा इंच, त्याने होडी कमी कलते. पूर्ण वर घेतला तर होडी आडवी सरकत जाते आणि वळताना वँग त्याच्यावर अडकतो.

80 किलोचा मुद्दा सरळ चुकीचा. इल्काच्या एकाच होडीवर तीन मापांची शिडं लागतात, 4.7, 5.76 आणि 7.06 चौरस मीटर. वजन कमी तर शीड लहान घ्या. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातली देवास जिल्ह्याची नेहा ठाकूर, शेतकऱ्याची पोर, भोपाळच्या तलावावर शिकली आणि 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सगळ्यात लहान शिडाच्या इल्का 4 मध्ये रौप्य घेऊन आली. समुद्र नाही, 80 किलो तर नाहीच नाही.

मात्र मे-जूनमध्ये रावेर-यावलची केळी झोपवणारं वादळ येतं ना, ते यातल्या कुठल्याच दोराचं काम नाही. आभाळ काळं झालं की काठावर यायचं. पावसाळ्यात हतनूरचे 41 दरवाजे कधी उघडतील त्याचा नेम नसतो, तेव्हा तर तिकडे होडी नकोच. आणि एरवीही परवानगी आणि लाइफ जॅकेट दोन्ही हवं.

राहिलं उलटल्यावर पोहत काठ गाठायचं. होडी कधीच सोडायची नाही. ती बुडत नाही, लांबून दिसते, आणि धरणात काठ दिसतो त्यापेक्षा फार लांब असतो. आधी मेनशीट मोकळी करा, हात पोचत असेल तर वँगही, मग डॅगरबोर्डवर होडीच्या अंगाजवळ उभं राहून कड धरून मागे झुका. मास्ट गाळात रुतला असेल तर त्याच्या टोकाशी हिसके देऊ नका, वाकतो, होडी हळूहळू वाऱ्याकडे फिरवून सोडवा. वँग घट्ट राहिला तर होडी सरळ होताच शीड पुन्हा वारा पकडतं आणि तुम्ही आत चढेपर्यंत ती दुसऱ्या कुशीवर आडवी झालेली असते.