लंडनच्या जुन्या डबल डेकर अमेरिकेत नुसत्या शोभेला उभ्या नाहीत

15 सप्टेंबर 2023 रोजी बेस्टची शेवटची डिझेल डबल डेकर मुंबईच्या रस्त्यावरून गेली आणि आठवणींचा पूर आला. त्या पुरातच एक मजकूर वाहत आला आणि अजून फिरतोच आहे. त्याचा आशय असा: लंडनच्या लाल डबल डेकर, म्हणजे सगळ्या 'रूटमास्टर' जातीच्या बस, अमेरिकेने फक्त हौस आणि जाहिरात म्हणून विकत नेल्या, पण तिथे त्यातली एकही धावत नाही. रस्त्याची बाजू उलटी, सुटे भाग मिळत नाहीत, कायदा परवानगी देत नाही. म्हणून त्या हॉटेलांसमोर शोभेला उभ्या आहेत. पन्नास-साठ वर्षांची बस कामाला लावणं जगात कुणालाच जमलेलं नाही, तेव्हा बेस्टच्या नावाने गळा काढू नका.

गळा काढायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण बाकीचा मजकूर जवळजवळ सगळा चुकीचा आहे, आणि ज्या माणसांनी या गाड्या परक्या देशात चालत्या ठेवल्या त्यांच्यावर तो अन्याय करतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"एकही धावत नाही." याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियातलं डेव्हिस हे एकच गाव पुरेसं आहे. 1968 मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेने लंडनहून दोन जुन्या डबल डेकर मागवल्या आणि त्यांवर 'युनिट्रान्स' नावाची बससेवा सुरू केली. त्या काळात लंडनमध्ये आरटी या जुन्या जातीच्या डबल डेकर मोठ्या प्रमाणावर सेवेतून काढल्या जात होत्या, त्यामुळे धडधाकट गाडी स्वस्तात मिळत असे. ही सेवा पर्यटकांसाठी नव्हती. वर्गाला जायचं, बाजारात जायचं, खोलीवर परतायचं, यासाठीची ती साधी गावातली बस. पुढे ती सगळ्या गावकऱ्यांसाठी खुली झाली. गाड्या चालवायला विद्यार्थी, तिकीट-पास बघायलाही विद्यार्थी. जुन्या लंडन बसमध्ये चालकाची केबिन प्रवाशांपासून पूर्ण वेगळी असते, त्यामुळे कंडक्टरशिवाय भागत नाही. लंडनमध्ये एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे निघ. बेस्टच्या डबल डेकरमध्ये आपण तेच टण टण ऐकत मोठे झालो, तेव्हा ही खूण कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

डेव्हिसच्या ताफ्यातली आरटी 2819 ही गाडी मला सगळ्यात जवळची वाटते. पन्नासच्या दशकातली ही लंडनची बस. तिचं मूळचं डिझेल इंजिन काढून तिथे नैसर्गिक वायूवर चालणारं इंजिन बसवलं गेलं. म्हणजे जी गाडी संग्रहालयात जायची, ती प्रदूषणाच्या नव्या नियमांत बसवून पुन्हा मार्गावर आणली. पुढे त्याच संस्थेने नव्या, आधुनिक डबल डेकरही घेतल्या, पण जुन्या फेकल्या नाहीत. वीस-बावीस वर्षांची पोरं आजोबांच्या वयाची बस वळवतात, हे दृश्य डोळ्यासमोर आणा आणि मग "जमलेलं नाही" हे वाक्य पुन्हा वाचा.

"रस्त्याची बाजू उलटी." ही अडचण खरी आहे, पण मजकूर समजतो तशी नाही. ब्रिटनमध्ये वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे जुन्या बसचा मागचा उघडा प्लॅटफॉर्म डाव्या बाजूला असतो. अमेरिकेत आणि कॅनडात फुटपाथ उजवीकडे येतो. तीच बस तिथे तशीच उभी केली तर प्रवासी थेट वाहत्या रस्त्यात उतरणार. यावर उपाय असा की उजव्या बाजूचा पत्रा कापून तिथे नवा दरवाजा बसवायचा आणि मूळचा बंद करायचा किंवा आडवा दांडा लावायचा. काम कटकटीचं आहे, पण कुठल्याही बऱ्या बॉडी वर्कशॉपमध्ये होण्यासारखं. स्टिअरिंग मात्र सहसा उजवीकडेच राहतं. त्यामुळे चालक फुटपाथला चिकटून बसतो. कडेला गाडी लावताना त्याला ते सोयीचं पडतं आणि समोरच्याला ओलांडताना गैरसोयीचं. सवय झालेले चालक ते सांभाळतात.

शिवाय अमेरिका खंड म्हणजे केवळ संयुक्त संस्थानं नव्हेत. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम इथे आजही वाहनं आपल्यासारखी डावीकडूनच चालतात. तिथे बाजूचा प्रश्नच येत नाही.

"सगळ्या लंडनच्या रूटमास्टर." लाल रंग दिसला की लोक रूटमास्टर म्हणतात. 1954 ते 1968 या काळात एकूण 2,876 रूटमास्टर बनल्या, त्यातल्या बहुतेक लंडनसाठी. ॲल्युमिनियमची, चेसिसशिवाय (म्हणजे खालच्या वेगळ्या सांगाड्याशिवाय) स्वतःच्या अंगावर भार घेणारी बॉडी ही तिची खासियत. तिच्या आधीची आरटी आणि लेलँड या ब्रिटिश कंपनीने बनवलेल्या आरटीच्या बहिणी मिळून सात हजारांच्या आसपास होत्या. पण अटलांटिक ओलांडून गेलेल्या गाड्यांत मोठा वाटा ब्रिस्टल लोडेक्का या तिसऱ्याच बसचा आहे, आणि तिचा लंडनच्या रोजच्या लाल बसशी संबंध नव्हता. ती ब्रिटनच्या छोट्या शहरांत आणि गावांत चालायची, बऱ्याच ठिकाणी हिरव्या रंगात. परदेशात गेल्यावर तिला लाल रंग फासला, कपाळावर लंडनमधल्या 'पिकॅडिली'ची पाटी लावली आणि ती लंडनची झाली.

लोडेक्काच का, याचं कारण मला फार आवडतं, कारण त्यात नुसती यांत्रिक हुशारी आहे. आरटी किंवा रूटमास्टर सुमारे साडेचौदा फूट उंच. लोडेक्काच्या रचनाकारांनी मागचा आस खाली घेतला, खालच्या मजल्याची फरशी बुटकी केली आणि वरच्या मजल्यावर मधोमध नीट चालण्याची वाटही राखली. तरीही गाडी साडेतेरा फुटांच्या आसपास बसवली. हे सगळं ब्रिटनमधल्या ठेंगण्या रेल्वे पुलांसाठी होतं. पण अमेरिकेतल्या अनेक राज्यांत वाहनाची कमाल उंची साडेतेरा फूटच आहे. एका देशातल्या पुलांसाठी आखलेली गाडी दुसऱ्या देशाच्या नियमात आपोआप बसली. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरिया शहरात बंदराजवळून अशा जुन्या ब्रिटिश डबल डेकर वर्षानुवर्षं प्रवासी घेऊन निघत राहिल्या. त्याच शहराने 2000 साली रोजच्या नगर बससेवेसाठी नव्या ब्रिटिश डबल डेकर घेतल्या. डबल डेकर शहराच्या रस्त्यावर फिरू शकते, हे तिथल्या लोकांना आधीच ठाऊक होतं.

एक उपमुद्दा: न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूच्या जुन्या फोटोंत दिसणाऱ्या सगळ्या डबल डेकरही ब्रिटिश नव्हेत. तिथल्या कंपनीच्या अमेरिकी बनावटीच्या डबल डेकर 1953 पर्यंत चालल्या. ब्रिटनच्या गाड्या तिथल्या सरकारी बससेवेने प्रयोग म्हणून आणल्या त्या 1976 मध्ये, आठ लेलँड अटलांटियन, आणि तो प्रयोग फार टिकला नाही. हे मान्य करायला काही हरकत नाही.

"सुटे भाग मिळत नाहीत." मिळतात, किंवा मिळावे लागत नाहीत. जुन्या आरटीचं मूळ इंजिन लंडनच्या साउथॉल भागातल्या एईसी कंपनीच्या कारखान्यातलं, 9.6 लिटरचं, तो कारखाना 1979 मध्ये बंद झाला. पण खुद्द लंडननेही मूळ इंजिनाचा हट्ट धरला नाही. नव्वदच्या दशकात शेकडो रूटमास्टरना नवी इंजिनं बसवली, त्यातली बरीच कमिन्सची. कमिन्स ही मूळची अमेरिकन कंपनी, म्हणजे अमेरिकेत गेलेल्या बसला घरचंच इंजिन मिळालं. पुण्याच्या कोथरूडला साठच्या दशकापासून कमिन्सची इंजिनं बनतात, तेव्हा हे नाव मराठी वाचकाला परकं वाटायचं कारण नाही. त्याशिवाय लंडनच्या या गाड्या मुळातच सुट्या करून पुन्हा जोडण्यासाठी बनवलेल्या होत्या. ॲल्डनहॅमच्या कारखान्यात आरटीची बॉडी चेसिसवरून उचलली जायची, दोन्हींची वेगवेगळी दुरुस्ती व्हायची, आणि परत येताना एका चेसिसवर दुसरीची बॉडी चढायची. भागाला भाग जुळलाच पाहिजे, ही शिस्त पहिल्या दिवसापासून होती. अशी गाडी म्हातारी झाली तरी तिला उघडता येतं.

"कायदा परवानगी देत नाही." उलट आहे. संयुक्त संस्थानांत 25 वर्षांहून जुनं वाहन आणताना नव्या गाडीचे केंद्रीय सुरक्षा निकष त्याला लागत नाहीत. कॅनडातही 1971 पूर्वी बनलेल्या बसना आयातीच्या वेळी त्या निकषांतून सूट आहे. म्हणजे वयच इथे प्रवेशपत्र ठरतं. ब्रेक, दिवे, विमा, प्रवासी वाहतुकीचा परवाना या स्थानिक अटी आहेतच, आणि असायलाच हव्यात.

"फक्त हौस आणि जाहिरात." जाहिरातही होती, हे खरं. 1952 मध्ये लंडनच्या तीन डबल डेकर, दोन आरटी आणि एक आरटीएल (लेलँडने बनवलेली आरटी), ब्रिटनच्या पर्यटनाचा प्रचार करायला अमेरिका आणि कॅनडात नेल्या होत्या. पण या खंडातल्या ब्रिटिश बसची सगळ्यात मोठी गोष्ट डबल डेकरची नाहीच. ती हवानाची आहे.

1950 च्या सुमारास क्युबाच्या राजधानीने लेलँडच्या सहाशेहून अधिक एकमजली बस घेतल्या. डावीकडे स्टिअरिंग, उजवीकडे दरवाजा, थेट तिथल्या रस्त्यासाठी घडवलेल्या. क्रांतीनंतर अमेरिकेने व्यापारबंदी लादली, अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग आटले, आणि शहराची वाहतूक खिळखिळी झाली. तेव्हा जानेवारी 1964 मध्ये क्युबाने लेलँडशी 'ऑलिंपिक' जातीच्या शेकडो बसचा करार केला. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन ब्रिटनवर चिडले. ब्रिटनचे पंतप्रधान ॲलेक डग्लस-होम यांच्या भेटीतही या बसचा विषय निघाला. ब्रिटन मागे हटलं नाही. त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला मागदेबुर्ग हे पूर्व जर्मन जहाज 42 बस घेऊन थेम्स नदीतून निघालं असताना यामाशिरो मारू या जपानी जहाजाशी त्याची टक्कर झाली आणि त्या बस हवानाला पोचल्याच नाहीत. त्यामागे घातपात असल्याचा संशय नंतर व्यक्त झाला, सिद्ध काही झालं नाही. पण पुढच्या जहाजांतून गाड्या गेल्या, आणि हवानाची माणसं पुढे कित्येक वर्षं त्यांतून कामावर गेली. यात हौस कुठे आहे? रांगेत उभ्या असलेल्या माणसाला वेळेवर घरी पोचवण्याची ती निकड होती.

आता मजकुरातलं जे खरं आहे ते. पुष्कळ जुन्या डबल डेकरचे खरोखरच चहाचे ठेले, बर्गरची दुकानं, दारूच्या जाहिराती झाल्या आहेत. पुष्कळ गंजून गेल्या. काहींचं छत कापून उघड्या पर्यटक बस केल्या, आणि चांगल्या बांधणीच्या गाडीचं छत कापलेलं पाहवत नाही. कामावरच्या गाड्यांची संख्या घटत चालली आहे, हेही खरं. पण "संख्या घटते आहे" आणि "कुणालाच जमलेलं नाही" यांत फार अंतर आहे.

राहिली बेस्टची गोष्ट. मुंबईच्या शेवटच्या डिझेल डबल डेकर सेवेतून गेल्या त्या 15 वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून. तो नियम आहे, आणि इतक्या गर्दीच्या शहरात तो असण्यामागे कारणं आहेत; त्यावर वाद घालायचा तर तो नियमावर घालावा. पण जुनी बस चालूच शकत नाही, असं यंत्राच्या तोंडी घालू नये. डेव्हिसच्या आरटी 2819 चं वय त्या मर्यादेच्या चौपटीहून जास्त आहे.