पृथ्वी सिन्नरला निघाली

एमएस्सी फिजिक्सला क्वांटम मेकॅनिक्स शिकवणाऱ्याचं एक बरं असतं. विषय कुणालाच कळत नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, त्यामुळे वर्ष गुण्यागोविंदाने निघून जातं. माझ्या वाट्याला सायंटिफिक कॉम्प्युटिंग, म्हणजे संगणकावर प्रोग्राम लिहून फिजिक्सची गणितं सोडवणं, आलंय. इथे उत्तर येतं. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

"सर, रन झाला!" अशी आरोळी आली की समजायचं, कुणाचा तरी विचार करून संपला.

पोरांच्या लेखी प्रोग्राम दोनच प्रकारचे. एक लाल अक्षरं ओकणारा आणि दुसरा बरोबर. ही मुलं निफाड, दिंडोरी, चांदवडहून एसटीने येतात. निम्म्यांच्या घरी द्राक्षं, नाहीतर कांदा. लासलगावच्या काट्यावर अर्धा किलो इकडचा तिकडे झाला तर हुज्जत घालून काटा पुन्हा शून्यावर आणायला लावतील. पण संगणकाने इलेक्ट्रॉनचं वस्तुमान सव्वादोन किलो सांगितलं की मुकाट वहीत उतरवून घेतात. विचारलं तर वर मलाच ऐकवतात, "सर, युनिट लिहिलंय ना!"

म्हणून मी पहिल्याच प्रॅक्टिकलला ०.१ आणि ०.२ ची बेरीज करायला लावतो. पायथॉन, म्हणजे आमची प्रोग्राम लिहायची भाषा, ०.३०००००००००००००००४ असं उत्तर देते. क्षणभर शांतता. मग मागून आवाज येतो, "सर, माझा कॉम्प्युटर खराब आहे." शेजारचाही तेच म्हणतो. पाच मिनिटांत अख्खी लॅब खराब ठरते आणि दारात उभे असलेले लॅबचे मामा दुखावतात. "दिवाळीत सर्व्हिसिंग झालंय सगळ्यांचं," ते मला बजावतात.

मग मी फळ्याकडे वळतो. एक तृतीयांश दशांशात लिहायला बसलं तर तीन संपत नाहीत, तसा एक दशांश बायनरीत, म्हणजे संगणकाच्या शून्य-एकच्या लिपीत, संपत नाही. संगणकाकडे त्यासाठी ५३ बिट, म्हणजे शून्य-एकच्या ५३ घरांची जागा, आपल्या हिशेबाने पंधरा-सोळा आकडी ऐवज. त्यापुढचं तो जवळच्या आकड्यात मोडून टाकतो. मुलं मान डोलावतात, म्हणजे ऐकत नाहीत. मग मी ठेवणीतली गोष्ट काढतो. फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं धाहरान. शत्रूचं क्षेपणास्त्र हवेतच पाडणारी तिथली अमेरिकी पेट्रियट यंत्रणा सेकंदाच्या दशांशात वेळ मोजायची आणि तो दशांश २४ बिटांत कापलेला. यंत्रणा शंभर तास सलग चालू राहिली, कापलेलं साचत साचत घड्याळ ०.३४ सेकंदांनी चुकलं. तेवढ्यात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. पेट्रियट भलतीकडेच बघत राहिली आणि २८ अमेरिकी सैनिक मेले.

वर्ग गंभीर होतो. मला बरं वाटतं. मग दिंडोरीचा एक जण हात वर करतो. "सर, त्यांनी रीस्टार्ट का नाही केलं?"

आता याला काय सांगणार! तात्पुरता उपाय खरोखर तोच होता. यंत्रणा मधूनमधून बंद करून चालू केली असती तर घड्याळ पुन्हा शून्यापासून मोजायला लागलं असतं. सुधारलेला प्रोग्राम धाहरानला पोचला तो हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी. मामांनी त्या मुलाकडे फार आदराने पाहिलं. लॅबमधल्या झाडून सगळ्या दुखण्यांवर ते स्वतः गेली कित्येक वर्षं हाच इलाज करत आलेत.

याच्या बरोबर उलटं दुखणं म्हणजे आकड्यांचा सोस. दोऱ्याला गोळा बांधून केलेला लंबक, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, लांबी मोजायला फुटपट्टी आणि जर्नलमध्ये 'जी', म्हणजे गुरुत्व त्वरण, बरोबर ९.८१२७३६४५९१०३. इथे मला आपलं नाशिक उपयोगी पडतं. मी म्हणतो, "अरे, गोदावरीला पूर आला की पाणी किती मिलिमीटर चढलं असं कुणी विचारतं का? दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. मोजमाप जेवढं ढोबळ, तेवढंच बोलायचं." मुलं हसतात, पटल्यासारखं दिसतं. एक मुलगी जर्नल घेऊन टेबलापाशी येते. "सर, मग जी किती लिहू? कमरेपर्यंत?"

खरी गंमत येते ती ग्रहांच्या प्रॅक्टिकलला. सूर्य मध्ये, पृथ्वी बाजूला, न्यूटनचा नियम आणि ऑयलरची पद्धत. काळाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात पृथ्वी स्पर्शिकेवर सरळ चालली असं धरायचं. पण वर्तुळावर सरळ पाऊल टाकलं की माणूस थोडा बाहेरच पडतो. दर पावलाला थोडी ऊर्जा फुकट मिळत जाते आणि कक्षा चकलीसारखी उलगडत जाते. ज्या पोराने तुकडा ऐसपैस घेतला होता, त्याची पृथ्वी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून बाहेर पडली. "सर, सिन्नरला निघाली," तो म्हणाला. नाशिक मध्ये धरलं तर दिशा अगदी बरोबर होती. मी विचारलं, "तुला काही खटकत नाही यात?" तो म्हणाला, "पण सर, रन झाला."

त्याच दिवशी एका मुलीची पृथ्वी मात्र कशी गोल गोल, शहाण्यासारखी फिरत होती. तिचा चेहरा रडवेला. "सर, माझ्या ओळी उलट्यापालट्या झाल्यात. आधी वेग बदलला, मग तोच नवा वेग घेऊन जागा बदलली. खोडू का?"

"हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडलो की मामा मेन स्विचकडे धावले.

ओळींची ती अदलाबदल म्हणजेच ऑयलर-क्रोमर पद्धत. ऊर्जा किंचित वरखाली होते, पण वाढत सुटत नाही. ॲलन क्रोमर यांनी १९८१ साली यावर लेख लिहिला तेव्हा ही युक्ती एका शाळकरी मुलीला सापडल्याचं त्यांनीच सांगितलं होतं. मी हे वर्गाला रंगवून सांगितलं. परिणाम एवढाच झाला की पुढच्या आठवड्यात निम्म्या वर्गाने सगळ्याच प्रोग्राममधल्या ओळी उलट्या लिहून आणल्या.

जर्नलबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतो. संगणकाने काढलेला आलेख मुलं आलेखाच्या कागदावर पेन्सिलने पुन्हा काढतात, कारण जर्नल तसंच लागतं. कोड हल्ली एआयकडून येतो. तो मला लगेच ओळखू येतो, त्यातल्या इंग्रजीत एकही चूक नसते.

शेवटचं प्रॅक्टिकल माँटे कार्लोचं. चौकोनात १००० ठिपके रँडम टाकायचे, पाव वर्तुळात किती पडले ते मोजायचं, चारने गुणून हजाराने भागायचं, की पायची किंमत येते. निम्म्या बॅचने उत्तर लिहिलं ३.१४१५९. आता हजार ठिपक्यांत येणारं उत्तर नेहमी ०.००४ च्या पटीतच असणार, ३.१४० येईल, ३.१४४ येईल, ३.१४१५९ जन्मात येणार नाही. शिवाय चार-पाच शतांशांची चूक पदरात धरूनच चालायचं. इतकं बरोबर उत्तर चूकच असतं, असं म्हणून मी सगळी जर्नल्स परत केली.

पुन्हा आली तेव्हा ०.००४ ची पट तंतोतंत पाळलेली, पण सगळ्या बॅचचं उत्तर तिसऱ्या दशांशापर्यंत एकच. मी सीआरला, म्हणजे वर्गाच्या प्रतिनिधीला, बोलावलं. "रँडम आहे ना हे? मग सगळ्यांचं सारखं कसं?"

"सर, सीड एकच आहे."

पाहतो तर खरंच, प्रत्येकाच्या कोडमध्ये सीड ४२ अशी ओळ. सीड एक असला की रँडम आकड्यांची तीच माळ पुन्हा मिळते, हे मीच शिकवलं होतं. "बेचाळीसच का?" मी विचारलं. "सर, ते तसंच असतं." मी गुण दिले. कायद्याने माझा हात धरलेला होता.

परीक्षेला बाहेरगावचे एक्स्टर्नल आले. मिसळ झाली, तोंडी परीक्षा सुरू झाली. सिन्नरवाल्याचा नंबर आला. एक्स्टर्नल सरांनी जर्नल चाळलं आणि सोपाच प्रश्न टाकला, "रँडम म्हणजे काय?"

"ज्याचं उत्तर सगळ्या बॅचचं सारखं येतं ते, सर."

एक्स्टर्नल सरांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चष्मा लावला आणि आधीची चार-पाच जर्नल्स उघडून ताडून पाहिली. मग म्हणाले, "बरोबर आहे," आणि सही केली.