यात पाणी कुठं घालायचं?

"एवढासा कूलर? आणि यात पाणी कुठं घालायचं?"

आईचा प्रश्न रास्त होता. सोलापुरात कूलर म्हटलं की खिडकीत बसवलेला, आत ओलं गवत असलेला आणि दिवसाला चार बादल्या पिणारा पत्र्याचा डबा. माझ्या हातात होता तो वीतभर उंचीचा टॉवर कूलर, कॉम्प्युटरच्या प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचा. त्यात पाणी घालत नाहीत हे कळल्यावर तिचा त्याच्यातला रस संपला. तेव्हा भाचा मध्येच बोलला, "पाण्याचापण येतो आज्जी, लिक्विड कूलिंग." आईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो विषय आमच्या घरात परत निघाला नाही. माणसांना चार-पाच दिवसांनी पाणी, आणि कॉम्प्युटरला रोज?

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पतसंस्थेत हिशेब लिहिणाऱ्या माणसाला गेमिंग पीसी कशाला लागतो, हे बायकोनं एकदा विचारलं होतं. अजून उत्तर सुचलेलं नाही. सुटे भाग मागवले, भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असल्यामुळं तो मुख्य अभियंता, मी हेल्पर. रायझन 5 5600 प्रोसेसर, एका बाजूनं काचेचा कॅबिनेट, त्यात रंग बदलणारे तीन पंखे. चालू केल्यावर होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरल्यासारखं वाटलं, फक्त पाळणा आणि बत्तासे तेवढे कमी.

पहिल्याच रात्री रेसिंगच्या गेममध्ये शेवटच्या वळणावर पडदा काळाठिक्कर. पंखे थांबले, परत फिरले, आणि विंडोज नव्यानं उजाडलं.

"हीट आहे मामा," भाचा म्हणाला. ते बाहेर पारा 43 असताना कुणीही सांगितलं असतं. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. काही न करता प्रोसेसर 60 वर, गेम लावला की मिनिटभरात 90. या प्रोसेसरची मर्यादाच 90. तिथं पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. दुपारी दीडनंतर आपले दुकानदार शटर अर्धं ओढून आत लवंडतात, तसं. गिऱ्हाईक आलं तर वाकून आत या, पण घाई करू नका. माझी गाडी वळणावर बैलगाडीसारखी का जायची ते तेव्हा कळलं.

मग उपाय सुरू झाले. पहिला उपाय माझ्या डोक्यातला, म्हणून सांगायला जिवावर येतं. खिडकीतला मोठा कूलर ओढून कॅबिनेटची बाजू उघडून समोर लावला. आकडा सहा अंशांनी उतरला. मी विजयी मुद्रेनं वळलो तर ग्राफिक्स कार्डावर पाण्याचे दोन थेंब आणि दारात घामाघूम बायको. "अहो, माणसं आधी की ते आधी?" कूलर खिडकीत गेला.

शेजारचे अण्णा डोकावले. आमचं घर पूर्व भागात, आणि भिंतीला लागून अण्णांचा टॉवेलचा कारखाना. दिवसभर मागाची खटखट. ती थांबली तरच आम्हाला जाग येते. अण्णांनी कॅबिनेटला नाक लावलं आणि म्हणाले, "काय ओ, हे तर आमचंच दिसतंय की."

पुढची जाळी काढली. तिच्यावर कापसाच्या तुसाचा थर इतका एकसंध बसला होता की नखानं कोपरा उचलल्यावर अख्खा सोलून हातात आला. मऊ, हातरुमालाएवढा, आणि गुलाबी. त्या आठवड्यात अण्णांकडं गुलाबी सुताची ऑर्डर होती. आठवड्याभरात माझ्या पीसीनं विणकामात एवढी प्रगती केली होती.

जाळी साफ केली, फरक पडला दोन अंशांचा. मग आईनं देवघरातली उदबत्ती आणली. तिला वाटलं नजर लागलीय. मी मात्र तिच्या हातातून घेऊन पंख्यासमोर धरली. पुढचे दोन पंखे हवा आत ओढायला हवेत. धूर तर माझ्याच तोंडावर आला. म्हणजे दोन पुढून, एक मागून, तिघंही हवा बाहेरच फेकत होते. आत यायला वाट कुठली, तर फटीतून मिळेल ती, अण्णांच्या तुसासकट. भाच्यानं पंखे उलटे बसवले होते. उदबत्तीचा गुण आला यावर आई ठाम आहे, आणि ती चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

पण खरी लाज पुढं होती. कूलर उतरवला. त्याच्या तांब्याच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिक चिकटलेलं होतं, त्यावर इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, बसवण्यापूर्वी काढा. प्रोसेसरची उष्णता कूलरकडं पोचवणारी थर्मल पेस्ट त्या प्लॅस्टिकवर छान पसरली होती. म्हणजे इतके दिवस प्रोसेसर बिचारा रेनकोट घालून अंघोळ करत होता. मी भाच्याकडं बघितलं, भाचा छताकडं. छतावर काही नव्हतं.

मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, जुनी पेस्ट पुसली, नवी वाटाण्याएवढी लावली. आता गेममध्ये 72. खोलीच सदतीसवर असताना हे चांगलंच म्हणायचं, कारण पंखा हवा फिरवतो, गारवा कुठून आणणार? त्या रात्री कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही खाऊन गेमला बसलो. दहा दिवसांतली सगळ्यात सुंदर फेरी. शेवटचं वळण आलं.

काळाठिक्कर.

तापमान 72 असताना! मग मी पेटलो. रॅमची पट्टी एकेक काढून बघितली. रात्रभर मेमरी टेस्ट लावली, एकही चूक नाही. ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर दोनदा नव्यानं टाकलं. शेवटी विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये शिरलो. प्रत्येक मरणाला एकच नोंद, कर्नल-पॉवर 41. मजकूर साधारण असा की कॉम्प्युटर नीट बंद न होता बंद झाला. पंचनाम्यात 'मयत इसम मेल्यामुळे मयत झाला' असं लिहिणारा कुणीतरी तिथं नोकरीला असावा.

तारखा तेवढ्या कागदावर उतरवल्या. 3, 7, 12, 16, 20. पतसंस्थेची सवय, आकडे दिसले की जुळवायचे. जुळेनात. कागद हातात घेऊन चहाला स्वयंपाकघरात गेलो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभा राहिलो. आई लाल पेननं तारखेभोवती गोल करून आत 'पा' लिहिते. 3 ला पा. 7 ला पा. 12, 16, 20.

पा म्हणजे पाणी.

उजनीचं पाणी रात्री आलं की खालचा हौद भरायचा, मग आई मोटार लावून वरच्या टाकीत चढवायची. मोटारीचा आणि माझ्या खोलीचा बोर्ड एकाच जुन्या वायरवर. मोटार सुरू होताना एकदम कितीतरी पट करंट ओढते, व्होल्टेज क्षणभर बसतं. ट्यूबलाइट डोळा मारते, पंख्याला पत्ताही लागत नाही. पण गेम ऐन भरात असताना पॉवर सप्लाय जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. वायरमननं हे सगळं दोन शब्दांत सांगितलं, "लोड हाय." आणि नवीन वायर ओढायचा जो आकडा सांगितला त्यात अजून एक ग्राफिक्स कार्ड आलं असतं.

त्यापेक्षा यूपीएस आणला. क्रॅश बंद. आता व्होल्टेज बसलं की तो 'टक' करून बॅटरीवर जातो आणि एकदा पिपाणी वाजवतो. पण झालं असं, की पाणी आल्यावर गल्लीत पहिली मोटार आमची नसते. कोपऱ्यावरच्या घरात कळतं सगळ्यात आधी, तिथं मोटार लागली की यूपीएस इथं वाजतो. कुणाची मोटार कुठं जोडलीय यात मी पडत नाही. आईच्या मात्र दुसऱ्याच खेपेला लक्षात आलं. हल्ली मी यूपीएस बंद करून झोपायला निघालो की ती म्हणते, "राहू दे रे चालू, आज पाण्याचा वार आहे."

परवा रात्री साडेअकराला अण्णांनी भिंतीवर थाप मारली.

"काय ओ, वाजलं का?"

"नाही अजून."

"वाजलं की सांगा."