माझा वीकनेस कोणीतरी आधीच घेतलेला

परवा इंटरव्ह्यू होता. आठवडाभर आरशासमोर उभं राहून 'स्वतःबद्दल सांगा'चं उत्तर घोटलं होतं. 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता' पाठ, 'आधीची नोकरी का सोडताय' पाठ (खरं कारण बॉस, सांगायचं कारण ग्रोथ), ती स्टार पद्धतपण पाठ, सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट. त्यातला रिझल्ट सोडून बाकी सगळं माझ्याकडे आहे.

तर बाहेर सोफ्यावर बसलोय, शेजारी एक गृहस्थ, मांडीवर फाइल, डोळे मिटून काहीतरी पुटपुटतायत. अचानक डोळे उघडून मला म्हणाले, "वीकनेस काय सांगणार?"

"परफेक्शनिस्ट आहे असं."

त्यांचा चेहराच पडला. "अहो, तो माझा आहे. तुम्ही दुसरा घ्या ना."

घ्या ना? ट्रेनमधली खिडकी आहे का ही?

"मी आठवडाभर पाठ केलाय हो," मी.

"मी गेल्या तीन इंटरव्ह्यूंत तोच सांगतोय."

मग अजून इथे का बसलायत, हे मी मनातच म्हटलं. तेवढ्यात तेच समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं करा, 'मला कोणाला नाही म्हणता येत नाही' हा घ्या. चांगलाय, मी आधी वापरलाय."

लहान झालेला शर्ट द्यावा तसा वीकनेस दिला माणसाने. आणि मी काय म्हणावं? "बरं." म्हणजे वीकनेस खराच निघाला.

1921 मध्ये एडिसनने नोकरी मागायला येणाऱ्यांसाठी दीडशेच्या आसपास प्रश्नांची परीक्षा काढली होती. त्यातला आवाजाच्या वेगाचा प्रश्न कोणीतरी आइनस्टाईनला विचारला, तर तो म्हणाला की जे पुस्तकात मिळतं ते मी डोक्यात ठेवत नाही. त्याला शोभतं हो. मला मात्र कंपनीचं व्हिजन स्टेटमेंट स्वल्पविरामासकट पाठ होतं.

आत गेलो. "नोटीस पिरियड किती?"

"तीन महिने."

"अरे बापरे. बरं, कळवतो."

संपलं! चार मिनिटं. अरे, नोटीस पिरियड रेझ्युमेच्या पहिल्या पानावर लिहिलाय, बोल्डमध्ये! तेवढं वाचलं असतं तर माझी रजा वाचली असती, पोटदुखीचं खोटं कारण पुढच्या वेळेला उरलं असतं. आणि 'कळवतो' म्हणणाऱ्यांनी आजवर कोणाला काय कळवलंय?

बाहेर आलो तर गृहस्थ उभेच. "माझा वापरला नाहीत ना?"

"नाही."

"थँक्यू हां," म्हणून आत गेले. मी पाणी प्यायच्या निमित्ताने रेंगाळलो. वीस मिनिटं झाली तरी बाहेर यायचं नाव नाही, आणि आतून मधूनमधून चक्क हसण्याचा आवाज.