शापोऱ्यात फ्लोरिडा

गोव्यातल्या शिवोलीत राहून रविवारी शापोरा नदीत 16 फुटांची होडी फिरवणाऱ्या निवृत्त मास्तराला चार्टप्लॉटर (पाण्याच्या नकाशावर आपली होडी कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) लागतोच कशाला, हे घरात एकदाच विचारलं गेलं. विचारणारी उत्तराला थांबली नाही, बांगडे साफ करायला निघून गेली. मी मात्र पुढचे तीन महिने तेच उत्तर जुळवत होतो.

यंत्र हातात मावणारं हवं, एवढं पक्कं होतं. होडी उघड्यावर असते. मागच्या वर्षी तिच्यातली बॅटरी गेली, त्याआधी नांगर. (नांगर नेणाऱ्याने दोर मात्र ठेवला होता, नीट गुंडाळून.) म्हणजे संध्याकाळी पिशवीत टाकून घरी आणता यायला हवं. पण अशा यंत्राचा पडदा जेमतेम तीन इंची, आणि माझी चाळिशी आता साठीला आलेली. चष्मा घातला की काचेवर खारं पाणी, काढला की अख्खा अरबी समुद्र एकच निळा डाग. टचस्क्रीन ओल्या बोटाला दाद देत नाही, पाण्याच्या थेंबाला मात्र लगेच देतो. बटणंच बरी.

दुकानदार अभिमानाने म्हणाला, "आयपीएक्स सात आहे, सर." म्हणजे एक मीटर पाण्यात 30 मिनिटं काही होत नाही.

"पण तरंगतो का?"

"तेवढं बघावं लागेल."

सगळी मेख तिथेच होती. न तरंगणारं यंत्र हातातून निसटलं, तर ते तळाशी अर्धा तास सुखरूप असणार. त्याचा उपयोग खेकड्यांना.

मग न्यूजर्सीचा भाचा मदतीला धावला. तो म्हणाला, उपग्रहावरून संदेशही पाठवणारं मॉडेल आणतो. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण जीपीएस नुसतं ऐकतं. उपग्रहाशी उलट बोलणारं यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. 2024 च्या डिसेंबरात असलं यंत्र सामानात सापडून गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुणे अडकल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. घाईघाईने फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "बोलणारा नको, मुका पाठव." त्यावर आमच्या वहिनींनी जी चित्रं टाकली, ती पुसायचं बटण मला अजून सापडलेलं नाही.

मुका आला. तरंगणारा, बटणांचा. नदीत नेऊन चालू केला, तर फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचा खडक न् खडक त्यात हजर! गोव्याच्या जागी एक तपकिरी कडा आणि पुढे निळाई. त्या हिशेबाने माझी होडी शिवोलीच्या भातशेतात उभी होती. इकडचे चार्ट वेगळे विकत घ्यावे लागतात, हे पुढचं ज्ञान. घेतले. बांगडेवालीला किंमत सांगितली नाही.

आमच्या वाड्यावरच्या तांडेलकाकांकडे मी तो मोठ्या आशेने घेऊन गेलो. म्हटलं, आता हे म्हणतील, आम्ही ताऱ्यांवर जायचो, टेकडी आणि चर्च एका रेषेत धरायचो. त्यांनी चार बटणं दाबली आणि म्हणाले, "मास्तर, खोली फुटांत कशाला? वावांत लावा." (एक वाव म्हणजे सहा फूट.) त्यांच्या ट्रॉलरवर असले तीन आहेत, एक तर आमच्या देवघराएवढा. मासळी कुठे लागते, जाळं कुठे फाटतं, अशा शेकडो खुणा त्यात साठवलेल्या. मी नुसता वाकलो, तर पडद्यावर पंजा आला. "हें बायलेकय दाखयना हांव." म्हणजे, हे बायकोलाही दाखवत नाही मी.

सप्टेंबरातल्या रविवारी मी मोरजीच्या बाजूने मुखाकडे निघालो. पडदा म्हणत होता, पूर्ण सुकतीला, म्हणजे ओहोटीलाही, इथे एक वाव पाणी. होडी म्हणाली, खर्रर्र. पावसाळ्यात नदीचा लोट आणि समुद्राच्या लाटा मिळून मुखावरची वाळू हलवतात, आणि चार्टातलं मोजमाप त्याआधीचं असतं. मी नेमका कुठे रुतलोय, हे मात्र यंत्र चार-पाच मीटरच्या फरकाने बरोबर दाखवत होतं. घरी फोन करून अक्षांश-रेखांश सांगितले.

"म्हणजे कुठे?"

"मोरजीसमोर."

"मग तसं सांगा ना!"

तेवढ्यात तांडेलकाका होडक्यातून आले. वाळूकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. "आज सप्तमी. सात पाऊण सव्वापाच, ती पूर्ण भरतीची वेळ. आपल्याकडे त्याआधी जराशी. त्यात भांगाचं पाणी, म्हणजे लहान भरती, सावकाश चढणार. साडेबारापर्यंत उठेल होडी." पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मी 30 वर्षं शिकवली, पण तिच्यावर भरती कधी मोजली नव्हती. "तोवर यंत्र द्या बघू," म्हणून त्यांनी काहीतरी दाबलं, बराच वेळ अक्षरं जुळवली आणि परत दिलं. मला वाटलं, चला, एखादी मासळीची खूण दिली असणार. दिवसभर आनंदात होतो.

घरी येऊन चष्मा पुसून पाहिलं. होडी अडकली त्याच जागेवर खूण होती, आणि खाली रोमी अक्षरांत, कोकणीत लिहिलं होतं: मास्तर रुतलो.