गोम, गांडूळ आणि गोगलगाय : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

प्राण्यांच्या नात्यागोत्यावरच्या माझ्या लेखावर उदगीरहून आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गांडुळाला कड्या आणि गोमेलाही कड्या, तरी मी गांडूळ गोगलगायीच्या भावकीत बसवलं, हे तुम्हाला हास्यास्पद वाटलं. आणि दुसरं तुमच्याच शब्दांत, 'शेतकऱ्याला किडा मारायचा असतो, त्याची वंशावळ लिहायची नसते.' एक चूकही दाखवलीत, तिच्याकडे शेवटी येतो.

पहिल्या आक्षेपात तुमच्या सोबतीला फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युविए आहे. त्याने १८१७ च्या ग्रंथात गांडूळ आणि कीटक एकाच गटात घातले, कड्या बघूनच. पुढे बहुतेक पुस्तकांनी तेच गिरवलं. मीही कॉलेजात तेच पाठ केलं. १९९७ मध्ये वेगवेगळ्या प्राण्यांतल्या एका जनुकाची तुलना झाली आणि भावकी वेगळीच निघाली. सापासारखे कण्याचे प्राणी सोडले तर कात टाकणारे सगळे एका बाजूला गेले: गोम, विंचू, खेकडा, बोंडअळी, आणि डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीसुद्धा. म्हणजे दिसायला गांडुळासारखा असलेला सूत्रकृमी गोमेच्या जवळचा, आणि गांडूळ पलीकडे गोगलगायीच्या घरात!

विंचवाची कात दगडाखाली सापडते. गांडुळाची कात तुम्ही कधी पाहिलीत? समुद्रात तर याहून उघड दिसतं. तिथल्या कित्येक शिंपल्यांचं आणि वलयी (म्हणजे गांडुळासारख्या कड्यांच्या) प्राण्यांचं पहिलं पिल्लू जवळपास सारखंच असतं, भोवऱ्याएवढं नव्हे पण भोवऱ्याच्या आकाराचं, कमरेला हलत्या केसांचा पट्टा बांधलेलं. आपल्या रानातल्या गांडुळाने आणि गोगलगायीने ही पायरी गाळली, म्हणून ती लातूर-उदगीरकडे बघायला मिळत नाही.

आता वंशावळीचा उपयोग. २०२२ चा खरीप आठवा. लातूर, बीड, उस्मानाबादेत शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब रातोरात फस्त केले, कितीतरी जणांवर दुबार पेरणीची वेळ आली. आमच्या शिवारात पहिल्या आठवड्यात लोकांनी घरात पडलेली अळीची औषधं फवारली. त्यातली काही औषधं अळीचं कात टाकणंच बिघडवतात, नवी कातडी धड बनू देत नाहीत. गोगलगाय कात टाकतच नाही. तिचा शंख चुन्याचा, तो कडेकडेने वाढत जातो. औषध वाया गेलं, पैसेही गेले. शेवटी कामाला आलं ते संध्याकाळी बांधाला ओली पोती टाकून सकाळी खालच्या गोगलगायी वेचणं, आणि मेटाल्डिहाईड या गोगलगायनाशकाच्या गोळ्या. (नर-मादी वेगळे नसल्याने वेचलेली प्रत्येक मोठी गोगलगाय म्हणजे शेकडो संभाव्य अंडी कमी, हा हिशोब आमच्या आईला माझ्याआधी कळला.)

तुम्ही लिहिलंत, 'अपृष्ठवंशी म्हटलं की पुरे.' मला तो शब्द खटकतो. लातूरकर नसलेल्या साऱ्या दुनियेला 'अलातूरकर' म्हणण्यासारखा आहे तो. कणा नाही, एवढंच कळतं. आहे काय ते नाही. समुद्रातला तारामासा विंचवापेक्षा आपल्या जवळचा नातलग आहे, पण एका पाटीखाली दोघे कोंबले की ते झाकून जातं.

आणि चूक. मिरगाच्या पहिल्या पावसात निघणाऱ्या लाल मखमली किड्याला मी कीटक म्हटलं होतं. त्याला कीटकासारखे सहा नव्हे, आठ पाय असतात, तो कोळ्या-विंचवांच्या कुळातला. लेखात दुरुस्त केलंय, तुमचा उल्लेख करून.