उदाहरण सोडवणं शिकवता येतं

प्राध्यापकांच्या ग्रुपवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: गणित रक्तातच असावं लागतं, उदाहरण सोडवायची बुद्धी शिकवून येत नाही. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या मुलांचा पाया कच्चा, तेव्हा सूत्रं द्या आणि जुने पेपर घोटून घ्या. वर्गात विचार करायला शिकवत बसलात तर पोर्शन राहील. माझ्या दोन सहकाऱ्यांनीही तो मला पाठवला, म्हणून हे लिहितोय.

रक्ताची भाषा निदान खान्देशात तरी कुणी करू नये. चाळीसगावजवळ पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याला दान मिळालं, असं त्यात कोरलंय. तेराव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गणित होतं, त्या घरालाही शिकवण्याची सोय करावीशी वाटली.

सूत्रांच्या आणि जुन्या पेपरांच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे. सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासली की नवशिक्यांना फायदा होतो, हे स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवलं. पण मुलं त्या उदाहरणात नेमकं काय बघतात? मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये भौतिकशास्त्राची उदाहरणं गटांत लावायला दिली होती. नवख्यांनी उताराची एकीकडे, कप्प्यांची एकीकडे असे ढीग केले. जाणकारांनी ऊर्जेची अक्षय्यता कुठे लागते, न्यूटनचा दुसरा नियम कुठे, हे बघून लावले. पेपर घोटणारा मुलगा कप्पी ओळखायला शिकतो. कप्पी नसली की अडतो.

एफ.वाय.च्या वर्गात मी भास्कराचार्यांच्याच लीलावती या ग्रंथातलं मोर-सापाचं उदाहरण घातलं. नऊ हात उंच खांबावर मोर. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतोय, मोर तिरपी झेप घेतो, दोघांचा वेग सारखा. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "सर, याले कोनतं सूत्र लागस?" सूत्र पायथागोरसचं, ते सगळ्यांना शाळेपासून येतं. अडलं होतं दुसरीकडेच: सारखा वेग म्हणजे सारखं अंतर, हे कुणी कागदावर मांडलंच नव्हतं. मी म्हटलं, आकृती काढा आणि एक अंदाज ठोका. एका मुलीने अर्ध्यावर धरलं, साडेतेरा. मग ताळा केला: साप साडेतेरा हात चालला, मोराला मात्र सोळाच्या वर उडावं लागतंय. म्हणजे मोर उशिरा पोचतो. ती स्वतःच म्हणाली, "सर, साप अजून पुढे सरकू द्या." पुढे क्ष घेऊन मांडलं आणि उत्तर आलं बारा, दोघंही पंधरा-पंधरा हात गेलेले. चुकलेल्या अंदाजाने पुढची दिशा दाखवली, आणि नेमकं हेच शिकवायचं असतं. जुन्या पेपरच्या उत्तरपत्रिकेत ते छापलेलं नसतं.

पाया कच्चा म्हणता, तर कोणता? रावेर-यावलकडच्या मुलाला विचारा: केळी पाच बाय पाच फुटांवर, एकरात खोडं किती? तो ४३,५६० ला पंचवीसने भागून १,७४२ सांगतो. खोडाला चार लिटरचे दोन ड्रीपर, म्हणजे तासाला जवळपास चौदा हजार लिटर. पंप दहा हजारच देत असेल तर एकर एकदम भिजणार नाही, दोन व्हॉल्व्ह करावे लागतील, हेही तोच सांगतो. अट मांडणं, अंदाज करणं, उत्तर पटतंय का बघणं, सगळं त्याला येतं. फळ्यावरच्या भाषेत ते आणायची वाट आम्ही दाखवत नाही आणि खापर त्याच्यावर फोडतो. मला याचा मनापासून राग येतो.

पोर्शनचं म्हणाल, तर विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये आला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सुमारे ३४ टक्के नापास, मुलांना तासालाच काम करायला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२ टक्के. मी दोन सिद्धता घरी वाचायला दिल्या आणि तेवढे तास उदाहरणांना ठेवले. फळ्यावर चुकलेला प्रयत्न आता पुसत नाही, त्याच्या शेजारी लिहितो: इथून का फिरलो.